मरतुकीचा पहिला फोन कुणाला जातो? बेळगाव सीमाभागातून एक खुले पत्र

प्रति,
मा. उपसंचालक, पशुसंगोपन व पशुवैद्यकीय सेवा खाते, बेळगाव;
सीमाभागातल्या ग्राम पंचायतींचे अध्यक्ष व पंचायत विकास अधिकारी (पीडीओ);
आणि बेळगाव परिसरात करारावर पक्षी वाढवून घेणाऱ्या ब्रॉयलर कंपन्यांचे व्यवस्थापक

विषय: बर्ड फ्लू शेडमध्ये कसा पसरतो आणि पहिल्या तीन दिवसांत काय राहून जातं

महोदय,
स. न. वि. वि.

शेडमध्ये पक्षी मरायला लागले की पहिला फोन खात्याला येत नाही. तो जातो कंपनीच्या सुपरवायझरला. दुसरा जातो औषधाच्या दुकानात, "पाण्यातून काय सोडू?" म्हणून विचारायला. तिसरा ओळखीच्या व्यापाऱ्याला: "माल तयार आहे, आज रात्रीच उचला." सरकारी पशुवैद्यकाच्या कानावर बातमी पडते ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी, तीही बहुतेक वेळा चहाच्या टपरीवरून. बर्ड फ्लूला एक शेड संपवून दुसरं गाठायला एवढा वेळ पुरतो. हे पत्र त्या तीन-चार दिवसांबद्दल आहे. शेतकऱ्याला झोडपण्यासाठी ते लिहिलेलं नाही. तो असा वागतो याला कारणं आहेत आणि त्यातली निम्मी तुमच्या टेबलावर सुटण्यासारखी आहेत.

रोग आपल्याला नवा नाही. देशात तो पहिल्यांदा सापडला २००६ च्या फेब्रुवारीत, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात, आणि २०२१ मध्ये त्याच नवापुरात पुन्हा आला. कर्नाटकात २०१२ साली बेंगळुरूजवळच्या हेसरघट्ट्यात निघाला, २०१६ साली बिदर जिल्ह्यातल्या हुमनाबाद तालुक्यात. २०२५ च्या सुरुवातीला तिकडे उदगीरला कावळे मेले, उरणजवळ कोंबड्या मेल्या आणि इकडे चिक्कबळ्ळापूर, बळ्ळारीत रोग आढळला. नकाशावर बोट फिरवलं तर बेळगाव या सगळ्यांच्या मधोमध येतं. कोल्हापूरची वाहनं कोगनोळीवरून येतात, गोव्याला लागणाऱ्या कोंबडीचा मोठा वाटा आपल्याकडून चोर्ल्याच्या घाटानं खाली उतरतो, आणि थंडीत घटप्रभेच्या पाण्यावर कांड्या करकोच्यांचे थवे उतरतात.

साथीची बातमी आली की आपण सगळे आभाळाकडे बघायला लागतो. रानपक्षी रोग आणतात हे खरंच. पण ते आणतात पहिल्या पक्ष्यापर्यंत. त्या पहिल्या पक्ष्यापासून पाच हजाराव्या पक्ष्यापर्यंतचा आणि तिथून शेजारच्या शेडपर्यंतचा प्रवास बहुतांशी माणसाच्या हातापायांनी होतो. अमेरिकेत २०१४-१५ च्या साथीत सुमारे ५ कोटी पक्षी गेले. तिथल्या तपासात शेडशेडमध्ये फिरणारी सामायिक वाहनं, अवजारं आणि माणसं वारंवार सापडली. आपल्याकडे अवजारं कमी आणि फिरणारी माणसं जास्त, एवढाच फरक.

आधी एका पक्ष्याचं बघू. सौम्य जातीचा फ्लू कोंबडीच्या श्वासनलिकेत आणि आतड्यात वाढतो आणि बहुधा तिथंच थांबतो, कारण विषाणूच्या अंगावरचं प्रथिन कापून त्याला पेशीत शिरू देणारी विकरं (एन्झाइम) त्या दोन जागीच असतात. एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूच्या जहाल प्रकारात त्या प्रथिनाची कापायची जागा अशी बदललेली असते, की शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीतलं विकर तिला कापू शकतं. म्हणून हा विषाणू मेंदू, हृदय, स्वादुपिंड, कातडी, सगळीकडे एकदम भिडतो आणि कालपर्यंत खाणारा पक्षी सकाळी पाय ताणून पडलेला मिळतो. तुरा निळा पडणं, डोकं सुजणं, पायाच्या नळीवर रक्ताचे डाग येणं ही पुस्तकातली लक्षणं दिसायलाही पक्षी थोडा जगावा लागतो. पहिल्या दिवशी मरणाऱ्यांत ती कित्येकदा दिसतच नाहीत. आणि मुख्य म्हणजे, आजारी दिसायच्या आधीपासून हा पक्षी लाळेतून, नाकाच्या शेंबडातून आणि विष्ठेतून विषाणू टाकू लागलेला असतो.

आता तो टाकतो कुठं ते बघा. आपल्या पट्ट्यातल्या कित्येक शेडमध्ये अजून लाल-पिवळे बेल ड्रिंकर, म्हणजे पाणी पिण्याची उघडी भांडी आहेत, साधारण ८० ते १०० पक्ष्यांमागे एक. दुपारी तीन वाजता त्यातल्या एकाजवळ उकिडवं बसून बघावं. काठावर खाद्याची पेस्ट बसलेली असते, तळाशी तूस, आणि पाण्यावर चिकट तवंग. पक्षी चोच बुडवतो, वर करतो, मान झटकतो. चोचीतला चिकटा तारेसारखा लोंबतो आणि परत त्याच पाण्यात पडतो. पुढचा पक्षी त्याच जागी चोच बुडवतो. कोंबडीत एच५एन१ तोंडावाटे भरपूर बाहेर पडतो, म्हणून ही वाटी म्हणजे शंभर जणांनी एका पेल्यातून पिणं. ताप चढलेला पक्षी आधी पाण्यापाशीच येऊन बसतो, त्यामुळे ज्याच्यात विषाणू जास्त तोच पाण्याजवळ जास्त वेळ. निपलच्या पाइपवर १०-१२ पक्ष्यांमागे एक थेंब गळणारा खिळा असतो, उघडं पाणी नसतं. लागण तिथंही होते, पण पाण्यातून होणारी वाटणी बरीच कमी.

दुसरी वाट मेलेल्या पक्ष्याची. कोंबडी मेलेल्याला टोचते. डोळा, तुरा, गुदद्वार आधी. संध्याकाळी मेलेला पक्षी सकाळच्या फेरीपर्यंत शेडमध्ये राहिला तर रात्रभर शेजारचे त्याला टोचत राहतात, आणि त्याच्या प्रत्येक अवयवात विषाणू भरलेला असतो. म्हणून एरवी दिवसातून एकदा मरतुक काढणाऱ्यानं संशयाच्या काळात तीनदा काढावी, आणि शेवटची फेरी रात्री झोपायच्या आधी.

तिसरी वाट तुसाची. भाताच्या तुसाचा दोन-तीन इंचांचा थर, त्यात विष्ठा मिसळलेली. ओल्या विष्ठेत हा विषाणू ४ अंश तापमानाला ३५ दिवस आणि ३७ अंशाला ६ दिवस टिकल्याची नोंद आहे. आपल्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री या दोन्हींच्या मधल्या. धूळ आणि पिसांचा भुगा उडतो, तो श्वासात जातो, शेडच्या आत आणि अगदी जवळच्या अंतरावर हेही घडतं. पण वाऱ्यानं मैलभरावरून रोग आणला असं कुणी सांगितलं, की आम्ही आधी त्याच्या चपला बघतो.

पिंजऱ्यातल्या लेयरमध्ये, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांत, चित्र थोडं वेगळं. तिथं पक्षी हिंडत नाही म्हणून लागण एकाच रांगेत, शेजारच्या चार-सहा पिंजऱ्यांत आठवडाभरही रेंगाळू शकते. नवख्या माणसाला वाटतं, रोजचे पाच-सात जातातच. रांग आणि पिंजऱ्याचा नंबर लिहून ठेवला असता तर ते पाच-सात एकाच ठिकाणचे आहेत हे दिसलं असतं. मग अंडी गोळा करणाऱ्याचा हात, खाद्याची एकसलग नळी, खालच्या विष्ठेवरचे उंदीर आणि माशा मिळून ती रांग मोडतात.

तीन दिवस म्हणजे किती, ते साध्या हिशेबानं कळतं. समजा, नव्या लागणी रोज दुप्पट होतात आणि लागण झाल्यावर तिसऱ्या दिवशी पक्षी मरतो. आज १० मेले, म्हणजे तीन दिवसांपूर्वी १० ना लागण झाली. नंतरच्या दिवशी २०, मग ४०, आणि आज ८०. आज दहा मेलेले मोजताना शेडमध्ये हिंडणारे, खाणारे, वजनात चांगले दिसणारे १४० पक्षी विषाणू घेऊन फिरत असतात. व्यापाऱ्याच्या गाडीत रात्री चढतात ते हेच.

मग शेतकरी ओळखत कसा नाही? कारण मरतुकीला आपल्याकडे दोन सवयीची नावं आहेत: उन्हाळ्यात ऊन आणि बाकी वर्षभर मानमोडी. उन्हाचं मरण ओळखायला सोपं. ते दुपारी दोन ते संध्याकाळी सातच्या दरम्यान येतं, वजनदार पक्षी आधी घेतं, शेडच्या मधल्या कोंदट भागात जास्त असतं आणि रात्री थंडावा आला की थांबतं. पहाटे चारला पक्षी मरत असतील तर ते ऊन नव्हे. मानमोडी म्हणजे राणीखेत. ती मात्र दिसायला फ्लूची सख्खी बहीण. पण लसोटा या राणीखेतच्या लसीचे डोस वेळेवर आणि नीट थंड ठेवून दिलेल्या लॉटमध्ये (एकदम वाढवलेल्या पक्ष्यांच्या तुकडीत) मरतुक रोज दुप्पट होत असेल, तर "लस फेल गेली" म्हणण्याआधी दुसऱ्या रोगाचा संशय घ्यावा. काही ठिकाणी आणखी एक गोंधळ असतो. एच९एन२ या सौम्य फ्लूची लस देशात आहे, म्हणून फ्लूची लस टोचली आहे असं शेतकरी सांगतो. त्या लसीचा एच५एन१ ला काडीचा अडथळा नाही, आणि एच५एन१ वर लस द्यायला आपल्याकडे परवानगी नाही.

इथं कंपन्यांच्या व्यवस्थापकांना एक स्पष्ट विनंती. तुमचा सुपरवायझर मरतुकीचा फोन आल्यावर मोटारसायकलवरून येतो, शेडच्या दारातच तीन पक्षी चिरतो, ग्रंथिल जठरावर रक्ताचे ठिपके दिसले की "राणीखेत" म्हणतो, ब्लेड कागदात गुंडाळून खिशात ठेवतो, हात बोअरच्या पाण्यानं धुतो आणि पुढच्या शेडला जातो. ते रक्ताचे ठिपके राणीखेतमध्येही असतात आणि बर्ड फ्लूमध्येही. म्हणजे चिरून निदान होत नाहीच, उलट विषाणूनं भरलेलं रक्त दारात सांडतं आणि दिवसभरात आठ-दहा शेडला पोहोचतं. तो पोरगा आळशी नसतो, त्याला तसंच शिकवलेलं असतं. संशयित मरतुकीत शेडवर शवविच्छेदन बंद, हा एक ओळीचा आदेश तुम्ही उद्या काढू शकता. आणि ज्या दिवशी त्यानं संशयित शेड पाहिलं, त्या दिवशी त्याचं दुसरं शेड नाही, अंघोळ आणि कपडे बदलल्याशिवाय तर नाहीच. त्याच्या उघड्या हातांचीही काळजी करा; भारतात एच५एन१ नं माणसाचा पहिला मृत्यू २०२१ मध्ये नोंदला गेला आहे.

आम्हाला हवं आहे ते एक कार्ड. दाराला लटकवायचं, मराठी आणि कन्नड दोन्हीत छापलेलं, रोज सकाळी सातला भरायचं. त्यात तीनच गोष्टी: किती मेले, किती पोती खाद्य गेलं, किती लिटर पाणी गेलं. ५,००० ब्रॉयलरच्या (मांसाच्या कोंबड्यांच्या) शेडमध्ये तिशीच्या दिवसात रोज ५० किलोची १३ ते १५ पोती लागतात आणि पाणी साधारण त्याच्या दुप्पट वजनाचं, १,३०० ते १,५०० लिटर. पाणी मोजायला मीटर नसला तर टाकीच्या आत रंगानं शंभर-शंभर लिटरच्या खुणा मारल्या तरी चालतं. पाणी आणि खाद्य मरतुकीच्या आधी बोलतात. वाढत्या ब्रॉयलरमध्ये पाणी रोज थोडं वाढायलाच हवं. ते कालएवढंच राहिलं तरी कान टवकारावेत. शेडचा आवाजही पडतो, पण आवाज कार्डावर लिहिता येत नाही.

मरतुक लिहिताना शेडचे सहा भाग कल्पून कुठल्या भागात किती ते लिहावं. पहिल्या दिवशी मरतुक जिथं एकवटलेली असते तिथून रोग शिरलेला असतो: दाराजवळ असेल तर पायातून, ज्या कोपऱ्यात जाळी फाटली आहे तिथं असेल तर चिमणी-कावळ्यातून, पूर्ण लांबीभर विखुरलेली असेल तर टाकीच्या पाण्याचा संशय. झाकण नसलेल्या टाकीवर कावळा बसून पाणी पितो, हे दृश्य आपल्याकडे इतकं रोजचं आहे की कुणी बघतही नाही.

फोन कधी करायचा याचा आकडा कार्डावर ठळक असावा. युरोपात २००५ साली असा नियम झाला: पाणी-खाद्य २० टक्क्यांहून जास्त घटलं, अंडी दोन दिवसांहून अधिक काळ ५ टक्क्यांहून जास्त घटली, किंवा आठवड्याची मरतूक ३ टक्क्यांवर गेली तर कळवायचं. पहिले दोन आकडे आपल्याला चालतील. तिसरा आपल्यासाठी फार उशिराचा आहे, कारण पाच हजारांच्या शेडमध्ये तो १५० पक्षी होतो. निरोगी लॉटमध्ये रोज ३ ते ६ जातात. आमचं म्हणणं, एका दिवसात २५ गेले किंवा लागोपाठ दोन दिवस आकडा दुप्पट झाला, तर तिसऱ्या दिवसाची वाट न बघता फोन. नंबर एकच असावा आणि तो रात्रीही उचलला जावा. सरकारी पशुवैद्यकीय मदतीचा १९६२ हा नंबर आहे, पण शेतकऱ्याच्या डोक्यात तो गाई-म्हशींच्या गाडीचा नंबर आहे. तो कोंबडीसाठीही आहे हे कार्डावर लिहा आणि फोन घेणाऱ्याला मराठीत विचारता येईल असं बघा.

फोन केल्यापासून डॉक्टर येईपर्यंत शेतकऱ्यानं काय करायचं हे त्याला आज कुणीच सांगत नाही. म्हणून तो काहीतरी करतो, आणि ते बहुतेक चुकतं. त्यानं माल उचलायला लावू नये. मेलेले पक्षी जाड प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून शेडच्या आतल्या कोपऱ्यातच ठेवावेत, बाहेर ओढ्यात किंवा रानाच्या कडेला टाकू नयेत. एकाच माणसानं आत जावं, तोंडाला मास्क आणि हातात मोजे घालून, आणि त्या माणसानं घरच्या गावठी कोंबड्यांना हात लावू नये. दाराच्या आत दीड फूट उंचीची फळी आडवी बसवावी. बाहेरच्या चपला फळीच्या अलीकडे, फळीवर बसून पाय फिरवायचे आणि पलीकडे ठेवलेले शेडचे गमबूट घालायचे. दीडशे-दोनशे रुपयांची ही फळी कुठल्याही महागड्या औषधापेक्षा जास्त थांबवते.

फूट बाथबद्दल, म्हणजे बूट बुडवायच्या औषधाच्या टाक्याबद्दल थोडं कडू बोलतो. बहुतेक शेडच्या दारात सिमेंटचं एक छोटं टाकं असतं, त्यात हिरवट पाणी, वर माशा. ते दाखवण्यापुरतं असतं. विष्ठा लागलेला बूट औषधात बुडवला तर औषध विष्ठेशीच झुंजत संपतं, आत दडलेला विषाणू तसाच. आधी ब्रश आणि साबणाचं पाणी. या विषाणूवर चरबीचं आवरण असतं आणि साबण ते मोडतो. मग औषध, तेही रोज नवं, उन्हा-पावसापासून आडोशाला. सिमेंटच्या जागेला कॉस्टिक सोड्याचं २ टक्के द्रावण, म्हणजे १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम. पाण्यात सोडा टाकायचा, सोड्यावर पाणी नव्हे, नाहीतर उसळून तोंडावर येतं. रबरी मोजे हवेतच, आणि अॅल्युमिनियमच्या भांड्यात करू नये.

पिण्याच्या पाण्याला ब्लिचिंग पावडर. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. १,००० लिटरला १० ग्रॅम टाकली की ३ पीपीएमच्या (दहा लाख भागांत तीन भाग) आसपास मिळतं. बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन वरचं निवळ पाणीच टाकीत ओतावं आणि अर्धा तास थांबावं. उघड्या पोत्यातली जुनी पावडर म्हणजे नुसता चुना. पाण्यातून लस द्यायची असेल तेव्हा मात्र क्लोरीन नको, लसच मरते. लस फुकट जाण्याचं हे एक नेहमीचं कारण.

आता उचलीबद्दल, म्हणजे विकलेले पक्षी शेडमधून नेण्याबद्दल, कारण शेड ते शेड रोग नेणारं याहून मोठं वाहन नाही. लॉट ३५ दिवसांचा झाला की विक्री सुरू होते आणि ती चार-पाच रात्री चालते. रोज वेगळा व्यापारी, वेगळी गाडी, पण पक्षी पकडणारी टोळी कित्येकदा तीच. ती टोळी रात्री दहाला एका शेडमध्ये, एकला दुसऱ्यात, पहाटे चारला तिसऱ्यात. पायात त्याच चपला. गाडीवरचे क्रेट गोव्याच्या नाहीतर कोल्हापूरच्या बाजारातून परत आलेले, खाचांत वाळलेली विष्ठा. अर्धी विकलेली शेड चार दिवस पुन्हा त्याच माणसांसाठी उघडी राहते आणि आत उरलेले दोन हजार पक्षी जे येईल ते घेतात. नोव्हेंबर ते मार्च एवढे पाच महिने तरी एका शेडची उचल दोन रात्रींच्या आत संपवावी, टोळीला शेडवरचे गमबूट द्यावेत, आणि क्रेट धुतलेला नसेल तर गाडी वजनकाट्यावर घेऊ नये. धुणं म्हणजे पाण्याचा फवारा मारणं नव्हे. कोरडं खरवडून काढायचं, साबणानं घासायचं, पाणी मारायचं, मग जंतुनाशक दहा मिनिटं ओलं राहील असं लावायचं, आणि उन्हात वाळवायचं. बाजारात न खपलेला पक्षी परत शेडवर आणणं तर कुठल्याच महिन्यात नको.

खताचीही तीच गत. लॉट गेल्यावर तूस-विष्ठेचं खत उघड्या ट्रॉलीतून उसाला, बटाट्याला, रताळ्याच्या वाफ्यांना जातं आणि वाटेवर दोन-चार शेडच्या दारापुढून सांडत जातं. ढीग घालून ताडपत्रीनं झाकला, दहा दिवसांनी एकदा वरखाली केला आणि तीन आठवडे ठेवला तर आतली उष्णता ५५-६० अंशांवर जाते. ५६ अंशाला तीन तास किंवा ६० अंशाला अर्धा तास, एवढ्यात हा विषाणू मरतो. तोवर ट्रॉली हलू नये. हे ग्राम पंचायत सहज बघू शकते.

गावठी कोंबड्यांबद्दल फार लिहीत नाही. लक्ष्मीच्या जत्रेआधी आठवडा बाजारातून आणून परसात सोडलेल्या कोंबड्या शेडवर काम करणाऱ्याच्या घरात नसाव्यात, आणि चिकनच्या दुकानातली पिसं-आतडी उघड्यावर नसावीत. इतकं झालं तरी पुष्कळ.

पक्षी मारायची वेळ आलीच तर खड्ड्याचा प्रश्न येतो. दोन मीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल खड्डा साधारण १,८०० पक्ष्यांना पुरतो. पाच हजारांना तीन लागतात. खानापूरकडे जांभा दगड, जेसीबीशिवाय दोन मीटर जात नाही, आणि पावसाळ्यात तर हातभर खणलं की पाणी. विहिरीजवळ खड्डा नको हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण मग जागा कुठली, हे त्या दिवशी ठरवायला बसलं की एक दिवस तिथंच जातो. प्रत्येक ग्राम पंचायतीनं अशी जागा आणि जेसीबीवाल्याचा नंबर आत्ताच कागदावर आणावा.

शेवटी पैशाचं, कारण सगळं घोडं तिथं अडतं. सरकारी भरपाई मिळते ती मारून टाकलेल्या पक्ष्यांची, नष्ट केलेल्या अंड्यांची आणि खाद्याची. आधीच मेलेल्यांची मिळत नाही. याचा अर्थ दडवून ठेवलेला प्रत्येक दिवस शेतकऱ्याच्याच खिशातून जातो. ही एक गोष्ट त्याला साथ यायच्या आधी स्पष्ट कळली तर तिसरा फोन व्यापाऱ्याला जाणार नाही. पण करारावरच्या शेतकऱ्याचं दुखणं वेगळं: पक्षी कंपनीचे, शेड त्याचं. पक्ष्याची भरपाई मालकाला गेली तर त्याच्या चाळीस दिवसांच्या ग्रोइंग चार्जेसचं, म्हणजे पक्षी वाढवण्याच्या मोबदल्याचं काय, आणि पुढचे महिने शेड रिकामं राहणार त्याचं काय? करारात याची एक ओळ हवी. ती नसेल तर शेतकऱ्यानं लवकर कळवावं ही अपेक्षा करणं जरा अतीच आहे. कायदा त्याच्यावर जबाबदारी टाकतोच. प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यानं पशुमालकानं गाव अधिकाऱ्याला किंवा पंचायतीला कळवायचं आणि तिनं पशुवैद्यकाला. पीडीओसाहेब, म्हणजे कायद्यानं पहिला फोन तुमचा आहे. तो आल्यावर तुम्ही कुणाला, किती तासांत कळवणार, ते एकदा लिहून ठेवा.

नमुना बेंगळुरूच्या हेब्बाळमधल्या प्रयोगशाळेला आणि तिथून भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेला जाणार. बेंगळुरूच पाचशे किलोमीटर. अहवाल येईपर्यंत शेड बंद ठेवायचं की अहवाल आल्यावर बंद करायचं, याचं उत्तर वरच्या १४० पक्ष्यांच्या हिशेबात आहे. संशयावरच शेडची ये-जा थांबवण्याचे तोंडी नव्हे तर लेखी अधिकार तालुक्याच्या डॉक्टरांना द्यावेत.

आणि हद्द. रोग निघाला की एक किलोमीटरपर्यंत बाधित क्षेत्र आणि दहा किलोमीटरपर्यंत निगराणी क्षेत्र आखतात. चंदगड तालुक्यातल्या शिनोळीत कंपासचं टोक ठेवलं तर वर्तुळात उचगाव आणि बेकिनकेरे येतात. कागलकडे काही झालं तर निपाणी लांब नाही. तेव्हा कोल्हापूरचा आदेश मराठीत निघणार, बेळगावचा कन्नडमध्ये, आणि मधल्या शेतकऱ्याला दोन्ही सुट्टे कागद. भाषेचा वाद इथं काढायचा नाही; खात्याचं पत्रक वाचता न आल्यानं शेडचं दार उघडं राहू नये, एवढंच मागणं आहे. पत्रकाच्या मागच्या बाजूला मराठी छापलं तर कागदही वाढत नाही. दोन्हीकडच्या तालुका डॉक्टरांचे मोबाइल एकमेकांकडे असावेत आणि मरतुकीचा संशय सरकारी पत्राआधी फोनवरून हद्द ओलांडावा.

हे सगळं नोव्हेंबरच्या आत व्हायला हवं. कार्डाचा मजकूर आम्ही दोन्ही भाषांत तयार करून देऊ, आकडे तपासायला आणि छपाई करायला खात्यानं घ्यावं. उचलीचा दोन रात्रींचा नियम, शेडवरची चिरफाड बंद करण्याचा आदेश आणि करारातली ती एक ओळ, यावर कंपन्यांनी लेखी उत्तर द्यावं. ग्राम पंचायतींनी खड्ड्याच्या जागेचा ठराव पुढच्या सभेत घ्यावा.

आपले,
खानापूर, बेळगाव, हुक्केरी आणि निपाणी तालुक्यांतले काही पशुवैद्यक व कुक्कुटपालक